मुळीचा नेम

इस्तारीनं लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी तलावात जाळं टाकलं आणि मग अंगाला हळद लावून घेतली, असं त्याची बायको गोकुळा जन्मभर सांगत आली. खरं-खोटं तीच जाणे. तिच्या कानात एक गोष्ट गेली की तोंडातून चार निघायच्या. इस्तारीचं नेमकं उलट. त्याच्याकडून शब्द काढणं म्हणजे वाळल्या उसातून रस काढणं. पण तिनं बोलायचं आणि त्यानं ऐकायचं, एवढ्यावर त्या दोघांचा संसार चांगला चालला होता. चिंचटोला हे झाडीपट्टीतलं, ब्रह्मपुरीच्या बाजूचं गाव. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवरांची थोडी घरं, आणि त्यातलं अगदी शेवटचं घर इस्तारीचं.

मासोळी धरणं हा त्याचा पोटाचा धंदा. दुसरा एक धंदा होता, तो बापाकडून आलेला. बाप सुकलू हा मुळ्यांचा जाणता. जंगलात बांबूच्या सावलीला एक गुडघ्याएवढं झुडूप येतं, लालसर दांडीचं, पांढऱ्या-गुलाबी फुलांचं. त्याची मुळी इतकी कडू की जिभेला लागली तर दिवसभर पाणीसुद्धा कडू लागावं. गाव तिला कडूमुळी म्हणे. एखाद्याचं डोकं फिरलं, बाई झोपेतून उठून पळायला लागली, रागानं कुणाचे डोळे लाल झाले, की लोक सुकलूकडे यायचे. तो करंगळीच्या पेराएवढी मुळी उगाळून द्यायचा आणि माणूस शांत झोपायचा. शिवाय पावसाळा सरला की बापलेक मुळ्या खोदून, धुऊन, वाळवून पोत्यात भरत, आणि एक व्यापारी ती पोती ट्रकवर घालून घेऊन जाई. पोती कुठं जातात असं लहानपणी इस्तारीनं बापाला एकदा विचारलं होतं. बाप म्हणाला, बाहेर. बाहेर म्हणजे कुठं, हे बापालाही ठाऊक नव्हतं.

या मुळीचा एक नेम होता आणि तो सुकलूनं मरताना पुन्हा एकदा मुलाकडून वदवून घेतला. मुळी घेणाऱ्यानं मी मुळी घेतो असं तोंडातून काढायचं नाही. देणाऱ्यानंही कुणाला दिली ते सांगायचं नाही. तिचं नाव चारचौघांत निघालं की तिचा गुण उतरतो, नुसतं लाकूड उरतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसलं ते. आता तुम्ही हसाल. पण गावातल्या कितीतरी घरांची लाज या नेमानं राखली होती. कुणाची सून रात्री ओरडत उठते हे कुणाला कळत नसे, कारण इस्तारी मरेस्तोवर सांगणार नाही याची सगळ्यांना खात्री. न बोलणाऱ्या माणसाला असा नेम पाळायला कष्ट तरी काय पडणार?

मग एका उन्हाळ्यात, चौऱ्याऐंशीच्या सुमाराला, पाळीवर जाळं विणत बसलेल्या इस्तारीच्या नाकातून रक्त आलं. डोकं तर कित्येक दिवसांपासून दुखत होतं, पण तो सांगतोय कुणाला. गोकुळानं त्याला हाताला धरून मोठ्या गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. बी.पी. फार वाढलंय म्हणाले. एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, बरं वाटलं तरी सोडायची नाही, मनानं कमी-जास्त करायची नाही, मीठ कमी. दुसरं काही औषध घेता का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि तेव्हा विचारून उपयोगही नव्हता. तेव्हा इस्तारी दुसरं काहीच घेत नव्हता.

गोकुळाला जणू सरकारी नोकरी लागली. सकाळी चहाच्या आधी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सुकी मासोळी शिंक्यावर चढली ती खाली यायचं नाव नाही. मिठाचं गाडगं तिनं कुठं लपवलं ते तिचं तिला ठाऊक. शेजारचा पत्रू, इस्तारीचा डोंग्यावरचा, म्हणजे लाकडी होडीवरचा, जोडीदार, एक दिवस म्हणाला, मलेही चक्कर येऊन राह्यली, एक गोळी देऊन पाह्य ना वहिनी. गोकुळानं त्याला असा झाडला की पत्रू महिनाभर त्या अंगणात आला नाही. हे काय बोरं आहेत का वाटायला, म्हणाली. तुझं डोकं तू डॉक्टरला दाखव. पत्रू पुढे डॉक्टरकडे गेलाच नाही, तो भाग निराळा. इस्तारीचं डोकं दुखायचं थांबलं, आणि पारा खाली आला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गोकुळा गेली. हिवताप होता. थंडी वाजून आली, दोन दिवसांत डोक्यात शिरला. नाल्याला पूर, बैलगाडी अडलेली, आणि पूर उतरला तेव्हा दवाखान्यात नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मधेच एकदा ती शुद्धीवर आली तर म्हणाली, "गोळी चुकवू नोको." एवढं बोलणारी बाई, आणि शेवटचं वाक्य एवढंच.

इस्तारी रडला नाही. आधी लाकडांची सोय बघायची होती, पावसात वाळकी लाकडं कुठून आणायची. मग राजुऱ्याकडून मुलगी मनकर्णा आली, तिचा नवरा कोळशाच्या खाणीत. ती अंगणातच कोसळली, तिला सावरायचं होतं. मग तेरवी, पाहुणे, पत्रावळी. रडायला माणसाला बसायला तरी मिळालं पाहिजे. सगळे आपापल्या गावी गेले आणि इस्तारी एकटा बसला, तेव्हा रडू यायची वेळ निघून गेल्यासारखं झालं. घर तर असं गप्प झालं की भांडं ठेवल्याचा आवाज त्यालाच दचकवायचा. इतकी वर्षं त्या घरात शांतता कशी असते ते त्याला माहीतच नव्हतं.

झोप गेली. गोकुळाच्या बाजूची अर्धी चटई रिकामी ठेवून तो पडायचा आणि वासे मोजायचा. असे किती दिवस काढणार? ज्या दुखण्याला त्यानं जन्मभर दुसऱ्यांना औषध दिलं, ते दुखणं आता त्याच्या घरी आलं होतं. त्यानं आढ्यातली पोटली काढली, करंगळीच्या पेराएवढी मुळी उगाळली आणि संध्याकाळी घेतली. झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली.

आणि सकाळची गोळी? तीही चालूच. चुकवणार कशी? गोळी हा गोकुळाचा शब्द होता आणि मुळी बापाचा. सकाळी तिचं ऐकायचं, संध्याकाळी त्याचं. दोन्ही आपल्याच माणसांची, त्यात भांडण कसलं, असा इस्तारीचा साधा हिशेब. सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला गेला की नर्सबाई विचारायची, बरं आहे ना? तो मान हलवायचा. मुळीचं सांगायचा प्रश्नच नव्हता. नेम म्हणजे नेम.

पहिल्यांदा गेलं त्याचं नाक. चोंदलं ते चोंदलंच. तलावातल्या पाण्यानं सर्दी झाली असेल, जाईल, असं तो म्हणत राहिला. ढिवराला नाक नसणं म्हणजे काय, हे बाजारात कळलं. त्यानं टोपली मांडली, बायका जमल्या आणि वास घेऊन मागं सरकल्या. कालची मासोळी आजच्यात मिसळली होती आणि इस्तारीला पत्ता नव्हता. शेजारी भाजी विकणारी कलाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "इस्तारीभाऊ, नाक कुठी ठेवून आला?" लोक हसले. ती वाईट बाई नव्हती, सगळ्यांनाच चिडवायची. गोकुळा असती तर तिनं कलाबाईला दोन ऐकवून तिसरं उधार ठेवलं असतं. इस्तारीनं टोपली उचलली, वाटेत नाल्यात रिकामी केली, आणि त्यानंतर तो बाजाराला गेला नाही. पत्रू त्याची मासोळी विकून आणू लागला. हळूहळू विकायला आणण्यासारखी मासोळीच उरली नाही, कारण इस्तारी डोंग्यात नुसता बसून राहायचा.

गाव बघत होतं. गावाला काय, कारण लगेच सापडतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. गोकुळा बोलावून राह्यली म्हणाले. जिवंतपणी ज्या बाईनं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही, ती मेल्यावर कशी सोडेल? एकानं लिंबू उतरवलं. एकानं पाळीवरच्या देवाला कोंबडं कबूल करायला सांगितलं. एक शहाणा तर म्हणाला की दुसरी बायको करा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! इस्तारी सगळ्यांचं ऐकायचा आणि काहीच करायचा नाही. त्याला उठून चार पावलं चालायचं म्हणजे डोंगर वाटायचा. उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरून थांबावं लागायचं.

पण त्याला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटत होती, आणि ती तो कुणापाशी बोलला नाही. त्याला गोकुळाची आठवण येत नव्हती. तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला जायचा तर नुसतं कपाळावरचं कुंकू यायचं, बाकी काही नाही. आवाज तर मुळीच नाही. लोक म्हणत होते तो तिच्या दुःखानं झुरतोय. दुःख कुठं होतं? दुःख असतं तर त्याला धरून बसता आलं असतं, त्याच्याशी चार शब्द बोलता आले असते. इथं आत काहीच नव्हतं. मोहाच्या फुलांचे दिवस आले, गेले, त्याला वास नाही. मनकर्णाचा निरोप आला, बाळंत झाली, मुलगी झाली; त्याला आनंद नाही. आपण गोकुळाला विसरलो, असं त्याला वाटायचं. एवढ्या वर्षांचा संसार आणि माणूस एका वर्षात विसरतो, म्हणजे आपण काय लायकीचे? जगून तरी काय करायचं असल्या माणसानं?

हा विचार रोज यायला लागला. सकाळी गोळी गिळताना यायचा, संध्याकाळी मुळी उगाळताना यायचा. अशा विचारात माणूस एकटा असू नये म्हणतात. इस्तारी एकटाच होता.

एका सकाळी तो डोंगा घेऊन तलावाच्या मधोमध गेला. जाळं नेलं होतं, टाकलं नाही. ऊन वर आलं तेव्हा तो उठून उभा राहिला. पाळीवरून पत्रू बघत होता. पत्रूनं नंतर शंभर वेळा शपथ घेऊन सांगितलं की इस्तारी नुसता उभा राहिला, हात सोडून, आणि मग झाड पडावं तसा पाण्यात पडला. चक्कर आली की स्वतःच गेला, हे पत्रूला सांगता येईना. इस्तारीलाही सांगता आलं नाही. त्याला आठवतं ते एवढंच, की पाणी थंड होतं आणि हातपाय मारावेत असं त्याला वाटलं नाही. जन्मभर पाण्यात राहिलेला माणूस, आणि पोहावंसं वाटलं नाही.

पत्रूनं उडी घेतली. त्याचंही वय झालेलं, धाप लागलेली, पण केस धरून ओढला आणि शेवाळात चालत काठाला आणला. मग बैलगाडी जुंपली आणि वाटभर त्याला शिव्या घातल्या. मेल्या, मीही बुडालो असतो तर माझ्या बायकोनं कोणाच्या नावानं बोंब मारली असती, वगैरे. पत्रूची माया अशीच होती.

दवाखान्यात आता नवा डॉक्टर होता. ताकसांडे नावाचा, वरोऱ्याकडचा, बौद्ध घरातला पोरगा. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा आणि मुलगा नागपूरला शिकून आलेला. दिसायला कोवळा, पण घाई नव्हती त्याला. त्यानं इस्तारीची नाडी धरली आणि धरूनच राहिला. मग पट्टा बांधला, झोपवून पारा पाहिला, उभं करून पाहिला, आणि उभं करताच इस्तारीचे पाय लटपटले म्हणून पत्रूनं त्याला मागून धरलं. नर्सबाईनं माहिती पुरवली: बायको गेली, तेव्हापासून असाच आहे. सगळ्या गावानं जे म्हटलं तेच.

डॉक्टर म्हणाला, "बायको गेली की माणूस उदास होतेच बाई. पण त्यानं नाडी इतकी हळू नाई होत. अन् नाक काऊन चोंदलं?"

नाकाबद्दल कुणी विचारलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. इस्तारीनं मान वर करून बघितलं. किती दिवसांपासून, झोप कशी, भूक कशी, जगावंसं वाटते का, असं एकेक डॉक्टरनं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला पत्रूच खिडकीबाहेर बघायला लागला. गोळी किती घेता? एकच, सकाळी. कधी दोन घेतल्या? नाही. दुसरं काही औषध, झाडपाल्याचं, मुळीचं? इस्तारीनं नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलंच नाही. नेमानं बोलला तो.

डॉक्टर स्टूल ओढून खाटेजवळ बसला. त्याला कोडं सुटत नव्हतं आणि ते त्यानं लपवलं नाही. एवढ्याशा गोळीनं एवढं व्हायला नको, म्हणाला. मग गोळी दोन बोटांत धरून त्यानं इस्तारीला दाखवली. ही गोळी कायची आहे ठाऊक आहे का भाऊ, असं विचारून त्यानंच सांगितलं: तुमच्याच जंगलात एक झुडूप राह्यते, लाल दांडीचं, पांढऱ्या-गुलाबी फुलाचं. सर्पगंधा म्हणतात. लोक तिची मुळी खोदतात, व्यापारी पोत्यानं नेतात, आणि कारखान्यात त्या मुळीतला अर्क काढून ही गोळी बनते. बी.पी. उतरवते, पण जास्त झाली की नाक चोंदते, नाडी बसते, आणि माणसाच्या मनातला उजेडच जाते.

इस्तारी त्या गोळीकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "कडू राह्यते का ती मुळी?"

"भयंकर कडू," डॉक्टर म्हणाला.

बापाबरोबर खोदलेली, ओढ्यात धुतलेली, अंगणात वाळवलेली ती पोती इस्तारीला दिसली. ट्रकवर चढलेली. बाहेर गेलेली. ती गोळी होऊन परत आली होती आणि गोकुळानं तळहातावर ठेवली होती. सकाळी तीच आणि संध्याकाळीही तीच. दोन माणसांचं ऐकतोय असं तो समजत होता, आणि दोघं मिळून त्याला एकच वस्तू देत होती. बापालाही हे माहीत नव्हतं, गोकुळालाही नव्हतं. नाव तर आता निघालंच होतं. चारचौघांत, दवाखान्यात, दिवसाढवळ्या डॉक्टरनंच घेतलं होतं. तरीसुद्धा त्याला तोंड उघडायला किती जड गेलं म्हणून सांगू! बापाचा मरतानाचा हात त्याच्या हातात होता जसा काही.

"मी मुळी घेतो सायेब," तो म्हणाला. "गोकुळा गेल्यापासून. रोज संध्याकाळी."

पत्रूनं वळून पाहिलं. इतकी वर्षं एका डोंग्यात बसून त्याला हे माहीत नव्हतं. डॉक्टर चिडेल, जडीबुटीवाल्यांचा उद्धार करील, असं इस्तारीला वाटलं होतं. डॉक्टरनं नुसता चष्मा काढून डोळे चोळले. विचारायचं आमच्याकडूनच राहून गेलं, म्हणाला. गोळी देताना विचारायला पाहिजे होतं. माझी आजीही डोकं दुखलं की असलंच काही उगाळायची आणि आम्हाला सांगायची नाही. इस्तारीचं म्हणणं पडलं की मग दोन्ही फेकून देतो. त्यावर मात्र डॉक्टरचा आवाज चढला. मुळी आजपासून बंद, आणि गोळीही मी बंद करतो, पण मी करतो, तुम्ही नाही. इथं ठेवून घेतो, रोज पारा बघतो. तो पुन्हा चढेलच, तेव्हा दुसरी गोळी देईन, निराळ्या जातीची. बी.पी. कुठं गेलेलं नाही भाऊ, तो जन्माचा सोबती आहे.

दवाखान्यातले दिवस इस्तारीला लांबच लांब गेले. मनकर्णा तान्ही पोर घेऊन राजुऱ्याहून आली. बापानं तलावात काय केलं ते तिला कळलं होतं. ती त्याबद्दल बोलली नाही, फक्त पोर त्याच्या मांडीवर ठेवून जायची आणि बराच वेळ घ्यायला यायची नाही. पारा खरोखरच चढला. डॉक्टरनं दुसरी गोळी सुरू केली. हिनं लघवी जास्त होईल, म्हणून सकाळीच घ्यायची. उठताना आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं. बाजाराच्या दिवशी येऊन पारा दाखवायचा. आणि मनाचं लगेच हलकं होणार नाही, आठवडे लागतील, तोवर एकटं राहायचं नाही, असं त्यानं मनकर्णालाही बजावलं आणि पत्रूलाही.

मनकर्णाला किती दिवस राहता येणार? सासरहून निरोपावर निरोप. ती गेली आणि पत्रू अंगणात खाट टाकून झोपायला लागला. त्याचं घोरणं असं की इस्तारीला झोप न येण्याचं आता एक नवंच कारण झालं. मुळीची पोटली आढ्यातच होती. एकदा पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतून एक बाई आली, नवऱ्याचं डोकं गरम आहे, मुळी द्या म्हणाली. इस्तारीनं आधी विचारलं की नवरा दवाखान्याची गोळी घेतो का. ती दचकली. असं विचारायची रीत नव्हती, आणि त्याच्या बापानं तर कधीच विचारलं नसतं. घेतो, ती हळूच म्हणाली. इस्तारीनं मुळी दिली नाही. आधी डॉक्टरला सांगा म्हणून तिला वाटेला लावलं. पुढे गावात बोभाटा झाला की इस्तारीनं नेम मोडला, त्याच्या मुळीत आता गुण नाही. लोक यायचे कमी झाले. आधीच रिकामं अंगण आणखी रिकामं झालं. बापाला काय वाटलं असतं, हा काटा त्याच्या मनात राहिला तो राहिलाच.

पावसाळा तोंडावर आला होता. कौलं शाकारायची म्हणून पत्रूनं त्याला सामान एका बाजूला करायला लावलं. सकाळची गोळी घेऊन झाली होती. इस्तारी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढायला उठला, आधी खाटेवर बसून, डॉक्टरनं सांगितलं होतं तसा. झाकण निघालं. वर गोकुळाचं हिरवं लुगडं होतं, तेरवीनंतर मनकर्णानं घडी घालून ठेवलेलं. त्यानं ते बाजूला ठेवायला उचललं.

आणि वास आला.

चुलीचा धूर, मोहाच्या बियांचं केसांना लावायचं तेल, थोडी मासोळी, थोडा दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू. नाक कधी मोकळं झालं होतं कुणास ठाऊक, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं लुगडं तोंडाशी नेलं. आणि चेहरा आला तिचा, सगळा, काळ्या दातांचा, बोलणारा. आवाज आला. तळहातावर गोळी ठेवून समोर उभी राहायची तशी ती उभी राहिली. जे आपण विसरलो असं तो म्हणत होता ते सगळं त्या पेटीत आणि त्याच्या आत जसंच्या तसं होतं, नुसतं झाकून गेलेलं.

इस्तारीच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. पाळीवरच्या बायका कळशा टाकून उभ्या राहिल्या. गेला वाटते इस्तारी, असं एकीनं म्हटलंसुद्धा. पत्रू कौलावरून कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आत येऊन बघतो तर इस्तारी पेटीशी जमिनीवर बसलेला, लुगडं छातीशी धरलेलं, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. पत्रूनं त्याला हलवलं, काय झालं म्हणून विचारलं.

"पत्रू," इस्तारी म्हणाला, "गोकुळा गेली गा."

डोक्याचं फडकं काढून पत्रू त्याच्या शेजारी खाली बसला, मयताच्या घरी बसतात तसा.